तारण केवळ ख्रिस्तातच आहे, या दाव्याचा नेमका अर्थ काय?

शरणपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार. एका अंगाला गोदाघाट आणि त्र्यंबकेश्वर, दुसऱ्या अंगाला एकोणिसाव्या शतकात वसलेली शरणपूरची ख्रिस्ती वस्ती, अशा नाशिकमध्ये राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो. "तुमच्या धर्माप्रमाणे आम्ही सगळे नरकातच जाणार ना?" विचारणारे शेजारी असतात, वर्गमित्र असतात, कचेरीतले सहकारी असतात. कोणी रागाने विचारतो, कोणी मनापासून. आपल्यापैकी काही जण "शेवटी सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात" असे म्हणून सुटका करून घेतात, तर काही जण एक वचन म्हणून दाखवतात आणि संभाषण तिथेच संपते. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्या वचनांवर हा दावा उभा आहे त्यांपासून सुरुवात करतो. योहान १४:६ मध्ये येशू म्हणतो, "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही." प्रेषितांची कृत्ये ४:१२ मध्ये पेत्र सांगतो की तारण दुसऱ्या कोणाकडून नाही, कारण माणसांचे तारण व्हावे असे दुसरे नाव आकाशाखाली दिलेले नाही. पहिले वाक्य अटकेच्याच रात्री, घाबरलेल्या शिष्यांना, "आम्हाला मार्ग कसा ठाऊक असणार?" असे विचारणाऱ्या थोमाला धीर देण्यासाठी उच्चारलेले आहे. दुसरे वाक्य एका पांगळ्या माणसाला बरे केल्याबद्दल न्यायसभेपुढे उभ्या केलेल्या पेत्राच्या साक्षीत येते, आणि ते ज्यांनी येशूला नाकारले होते त्या अधिकाऱ्यांच्या तोंडावर म्हटलेले आहे. प्रसंग लक्षात घेतल्याने या वचनांची व्याप्ती कमी होत नाही. "कोणी येत नाही" हे शब्द पुरेसे स्पष्ट आहेत. मात्र ही वचने कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात, ते प्रसंगावरून कळते. तारण कोण करतो, हा तो प्रश्न आहे.

तारण कोणाकोणाचे होते, हा प्रश्न निराळा आहे, आणि तोही येशूला सरळ विचारला गेला होता. लूक १३ मध्ये एक जण विचारतो, "प्रभू, तारण पावणारे थोडेच आहेत काय?" येशू संख्या सांगत नाही. तो विचारणाऱ्याकडेच वळतो आणि अरुंद दरवाजाने आत जाण्याचा नेटाने प्रयत्न करा, असे सांगतो. त्यानंतर पूर्वेकडून, पश्चिमेकडून, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून लोक येऊन देवाच्या राज्यात पंक्तीला बसतील, आणि जे स्वतःला आतले समजत होते त्यांच्यापैकी काही बाहेर राहतील, असेही तो म्हणतो.

माझे म्हणणे असे की पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती माणसाने कोणताही संकोच न करता द्यावे. पौलाने गलतीकरांना लिहिले आहे की नियमशास्त्राने (मोशेने दिलेल्या नियमांच्या पालनाने) नीतिमत्त्व मिळत असते तर ख्रिस्ताचे मरण व्यर्थ ठरले असते. देव आणि माणूस यांच्यात पडलेली फूट माणसाला स्वतःच्या बळावर सांधता आली असती, तर क्रूसाची गरजच उरली नसती. म्हणून "ख्रिस्त अनेकांपैकी एक तारणारा" असे म्हणणे उदार वाटले तरी ते ख्रिस्ती श्रद्धेचे सौम्य रूप नाही. ती वेगळीच श्रद्धा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मंडळीच्या (चर्चच्या) हाती दिलेले नाही. ते आपल्या हाती आहे असे समजून आपण जे बोलतो, त्याने शेजारी दुखावतात आणि शुभवर्तमानाचाही अर्थ बदलतो.

मतभेद असणारच. कृपया वचने आणि इतिहास यांच्या आधारे लिहावे.

वचनवाचक

धागाकर्त्यांचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे, दुसरा नाही, आणि त्याची कारणे शास्त्रातलीच आहेत.

रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने एक साखळी मांडली आहे: जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचे तारण होईल, पण ज्याच्यावर विश्वास ठेवला नाही त्याचा धावा कसा करतील, ज्याच्याविषयी ऐकले नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील, आणि सांगणारा नसेल तर ऐकतील कसे? ही साखळी मधूनच तोडली तर प्रचाराला काय कारण उरते? न ऐकताही माणसे वाचत असतील आणि ऐकून नाकारल्याने मात्र दोषी ठरत असतील, तर त्यांना न सांगणे हीच दया ठरेल. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे सृष्टी पाहून देवाचे सामर्थ्य कळते खरे, पण त्या ज्ञानाने माणूस निरुत्तर होतो, तारला जातो असे तिथे म्हटलेले नाही. १९७४ च्या लोझान करारानेही (प्रचारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या जाहीरनाम्यानेही) सृष्टीतून होणारे ज्ञान मान्य करून, त्या ज्ञानाने तारण होते हे नाकारले आहे.

यावर बहुतेक वेळा प्रेषितांची कृत्ये १० मधल्या कर्नेल्य या रोमी शताधिपतीचे उदाहरण दिले जाते, म्हणून आधीच लिहितो. कर्नेल्य भक्तिमान होता, दानधर्म करीत होता, आणि देव पक्षपाती नाही असे पेत्राने त्याच्याच घरात म्हटले. परंतु त्याची भक्ती पुरेशी असती तर देवदूताने त्याला यापोहून पेत्राला बोलावून घ्यायला का सांगितले असते? त्याच पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात देवदूताचे शब्द आहेत: ज्यांच्या योगे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल अशा गोष्टी तो तुला सांगेल. म्हणजे ते ऐकेपर्यंत तारण झालेले नव्हते.

हे लिहिताना मला कोणताही आनंद होत नाही. माझे सगळे आजोळ आजही हिंदू आहे. पण आपल्याला जड जाते म्हणून वचन हलके करता येत नाही.

धर्मग्रामवासी

मी कॅथलिक आहे, नाशिक रोडचा. आमच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत येणाऱ्या गर्दीत सर्व धर्मांचे लोक असतात, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला पुस्तकात शोधावा लागत नाही. इथे मात्र मला इतिहास सांगायचा आहे, कारण "ख्रिस्तसभेबाहेर (म्हणजे चर्चबाहेर) तारण नाही" हे वाक्य आमच्या नावावर आहे आणि ते कुठून आले हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या महागुरू (बिशप) सिप्रियन यांचे हे वाक्य. ज्यांनी कधी ख्रिस्ताचे नाव ऐकले नाही त्यांच्यासंबंधी ते नव्हतेच. ख्रिस्तसभेतून फुटून गेलेल्या गटांनी दिलेला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) खरा मानायचा की नाही, या वादात त्यांनी ते लिहिले होते. इशारा आतून बाहेर पडणाऱ्यांना होता. पुढे रोमी साम्राज्य ख्रिस्ती झाले, आणि आता जगात सर्वांनी ऐकलेलेच आहे असा समज पसरला. मग तेच वाक्य सरसकट सर्वांना लागू झाले. १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर हे सर्व मरणापूर्वी ख्रिस्तसभेत आले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत जातील, असे अगदी स्पष्ट शब्दांत म्हटले. हे वाक्य लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर पन्नास वर्षांनी कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला. दीड हजार वर्षे ज्यांच्यापर्यंत एकही प्रचारक पोहोचणे शक्य नव्हते, अशी असंख्य माणसे पृथ्वीवर आहेत हे युरोपला कळले, आणि त्यांना न ऐकल्याचा दोष कसा लावायचा, हा प्रश्न ईशज्ञानी लोकांना (ख्रिस्ती धर्मतत्त्वांच्या अभ्यासकांना) टाळता येईना. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये तारणासाठी स्नानसंस्काराबरोबर तो घेण्याच्या इच्छेचाही उल्लेख केला. १८६३ मध्ये पोप नववे पायस यांनी लिहिले की स्वतःचा दोष नसताना जे अज्ञानात आहेत आणि देवाने अंतःकरणात लिहिलेला नियम पाळून जगतात, ते देवाच्या प्रकाशाने व कृपेने सार्वकालिक जीवन मिळवू शकतात. बोस्टनचे फादर लिओनार्ड फीनी हे जुने वाक्य अत्यंत कडक अर्थाने शिकवू लागले तेव्हा १९४९ मध्ये रोमनेच त्यांना चूक ठरवले, आणि १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृत केले. इतरांना ख्रिस्तसभेबाहेर ठरवणारा माणूस स्वतःच बाहेर गेला, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. पुढे त्यांचा समेट झाला, हेही नोंदवतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये हाच विचार ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात मांडला. त्याच दस्तऐवजात आणखी एक वाक्य आहे ज्याकडे आमच्याच लोकांचे लक्ष जात नाही: जो प्रीतीत टिकून राहत नाही, तो शरीराने ख्रिस्तसभेत असला तरी अंतःकरणाने नाही, आणि त्याचे तारण होत नाही. वचनवाचकजी, इशारा पुन्हा आतल्यांना आहे.

गोदातीर

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी निवृत्तिनाथांची वारी आहे आणि पौष वद्य एकादशीला आम्ही त्र्यंबकेश्वरी असतो. चर्चा गंभीरपणे चालली आहे म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

वचनवाचकांचे म्हणणे मला दुखवणारे असले तरी समजते. मला खरी अडचण दुसऱ्या बाजूच्या उत्तराची आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की जे श्रद्धेने अन्य देवतांना भजतात तेही मलाच भजतात, फक्त विधीला सोडून. लहानपणी मला हा श्लोक फार उदार वाटत असे. पण एखाद्या ख्रिस्ती मित्राला मी सांगितले की "तुम्ही येशूची प्रार्थना करता ती खरे तर कृष्णालाच पोहोचते, तुम्हाला फक्त ते ठाऊक नाही", तर त्याला काय वाटेल? तो काय करतो हे त्याच्यापेक्षा मला अधिक कळते, असाच त्याचा अर्थ होतो. कार्ल रानर या जर्मन ईशज्ञान्याने मांडलेली "अनामिक ख्रिस्ती" ही कल्पना (इतर धर्मांतले लोकही नकळत ख्रिस्ताचेच असू शकतात) वाचली तेव्हा मला नेमके हेच वाटले. मी विठ्ठलाचा आहे. मला नकळत दुसऱ्या कोणाचा ठरवून स्वर्गात जागा देण्यापेक्षा, "तुमचे आमचे पटत नाही" असे तोंडावर सांगणारा मला अधिक सन्मान देतो.

दुसरे असे की आपण कशापासून तारले जातो, याविषयीच आपली मते वेगळी आहेत. तुम्ही पापाच्या दंडापासून आणि देवापासून दुरावण्यापासून सुटका मागता. आमच्याकडे कोणी जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका मागतो, आणि आमचे संत तर मोक्षही नको, पुन्हा जन्म दे पण तुझी भक्ती दे, असे म्हणतात. मुक्कामच निराळे असतील, तर सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात हे म्हणणे कोणाच्याच बाजूने खरे ठरत नाही.

येवल्याची लेक

गोदातीर दादा, तुमच्या शेवटच्या वाक्याला मी माझ्या बाजूने पुढे नेते.

"सगळे मार्ग एकच" हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले आहे, आणि ते म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण २ मार्च १९३० रोजी ज्यांनी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू केला, त्यांच्यापुढे मार्ग अनेक आहेत की एक, हा प्रश्न नव्हता. दार बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तो लढा वर्षानुवर्षे चालला, आणि दार उघडत नाही हे पाहून १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्या येवल्यातच बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ते पुढे बौद्ध धम्माकडे गेले. माझे पणजोबा त्याच्या आधीच ख्रिस्ताकडे आले होते.

माझ्या घरात योहान १४:६ हे वचन कधीही कोणाला बाहेर काढण्यासाठी वाचले गेले नाही. पणजोबांनी ते असे ऐकले की पित्याकडे जायला जात लागत नाही, कुळ लागत नाही, मध्ये उभा राहून सोवळे सांभाळणारा कोणी लागत नाही. एक जण स्वतः दार आहे आणि तो कोणाला हाकलत नाही. मार्ग फक्त ख्रिस्त आहे, याचा त्यांच्यासाठी अर्थ असा होता की दुसऱ्या कोणालाही त्यांना अडवण्याचा अधिकार उरला नाही. ज्यांच्यासाठी सगळी दारे पिढ्यान्‌पिढ्या उघडी होती, त्यांना एकच दार म्हणजे कोतेपणा वाटतो. आम्हाला तो मोकळेपणा वाटला.

आता आपल्या मंडळ्यांसाठी लिहिते. ज्या मंडळीत आजही लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारली जाते, तिने इतरांना "केवळ ख्रिस्तात तारण" हे सांगू नये. आधी ते स्वतः खरे मानावे.

शरणपूरकर

ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मूळ लेखात ही बाजू यायला हवी होती आणि ती तुम्हीच लिहावी हे अधिक योग्य झाले.

वचनवाचक, कर्नेल्याविषयी तुम्ही म्हणता ते मी मान्य करतो. पेत्राचे बोलणे त्याला हवे होते. पण अध्याय पुन्हा क्रमाने पाहा. पेत्र यापोत छपरावर प्रार्थना करत असताना, "हे निषिद्ध आहे, मी कधी खाल्ले नाही" असे तीनदा म्हणत असताना, कर्नेल्याच्या प्रार्थना देवापुढे पोहोचलेल्या होत्या आणि देवदूत त्याच्या घरी येऊन गेलेला होता. प्रचारक पोहोचण्याआधी देव तिथे पोहोचलेला होता. मला त्यातून इतकेच काढायचे आहे, यापेक्षा अधिक नाही. आणि अब्राहामाचे काय? त्याने येशू हे नाव ऐकले नव्हते, तरी रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय त्याला विश्वास ठेवणाऱ्या सर्वांचा पिता म्हणतो. त्याचे तारण ख्रिस्तामुळेच झाले असे तुम्हीही मानता आणि मीही. मग तारण ख्रिस्तामुळे होणे आणि ख्रिस्ताचे नाव ठाऊक असणे, या दोन गोष्टी निदान एकदा तरी वेगळ्या झालेल्या आहेत.

गोदातीर सर, रानर यांच्यावरचा तुमचा आक्षेप ख्रिस्ती विचारवंतांनीही घेतला आहे. हान्स क्यूंग त्यांच्यापैकी एक. मी तुम्हाला अनामिक ख्रिस्ती म्हणणार नाही. मात्र आपल्याच मातीतली एक वाट इथे सांगितली पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांच्यावर काय कोसळले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. पूल तुकारामांचा, पण पलीकडे ख्रिस्त, आणि त्यांनी एकासाठी दुसऱ्याला खोटे पाडले नाही. १९१७ मध्ये त्यांनी "देवाचा दरबार" काढला. तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ होता. टिळकांची ख्रिस्तनिष्ठा ज्यांनी त्यांची पदे गायली आहेत त्यांना सांगायला नको. तरीही मंडळीची वेस आणि ख्रिस्ताची वेस एकच आहे असे त्यांनी मानले नाही. दोन वर्षांत ते वारले आणि तो प्रयत्न फार पुढे गेला नाही, ही मराठी ख्रिस्ती समाजाची मोठी हानी आहे असे माझे ठाम मत आहे.

वचनवाचक

अब्राहामाचा मुद्दा वजनदार आहे. पण अब्राहामाला देवाने स्वतः वचन दिले होते आणि त्याने त्या वचनावर विश्वास ठेवला. तो केवळ सज्जन होता म्हणून तारला गेला नाही. शिवाय तो ख्रिस्ताच्या आधीचा होता. पौल अथेन्समध्ये म्हणतो की अज्ञानाच्या काळांकडे देवाने डोळेझाक केली, पण आता सर्वत्र सर्व माणसांनी पश्चात्ताप करावा अशी तो आज्ञा करतो. "आता" या शब्दाचे तुम्ही काय करता?

टिळकांच्या दरबाराविषयी आदर ठेवून म्हणतो की त्यातले बाप्तिस्मा न घेतलेले लोकही ख्रिस्ताचे शिष्यच होते. ज्याने ख्रिस्ताला ओळखले त्याला मंडळीच्या यादीबाहेर ठेवू नये, इतकेच त्यातून सिद्ध होते. ज्याने ओळखलेच नाही त्याच्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

शरणपूरकर

दरबाराविषयीचा आपला आक्षेप बरोबर आहे. ते उदाहरण तुम्ही म्हणता तितकेच पुरते.

"आता" विषयी माझे उत्तर असे की ते ज्या माणसापर्यंत खरोखर पोहोचते त्याच्यासाठी तो क्षण सुरू होतो. इसवी सन ५० मध्ये अथेन्सच्या श्रोत्यांसाठी तो आला होता, गोदावरीकाठच्या शेतकऱ्यासाठी आला नव्हता. आणि पोहोचणे म्हणजे कानावर शब्द पडणे नव्हे. ज्याला ख्रिस्ताचे नाव गोऱ्या साहेबाच्या सत्तेबरोबर ऐकू आले, किंवा ज्याने ख्रिस्ती शेजाऱ्याचा तुसडेपणा तेवढा पाहिला, त्याने ख्रिस्ताला नाकारले असे मी म्हणू शकत नाही. त्याने काय नाकारले ते देवालाच ठाऊक.

गोदातीर

मग सरळ विचारतो. मी ऐकले आहे. मिशनच्या शाळेत शिकलो, शुभवर्तमाने वाचली आहेत, येशूविषयी मला मनापासून आदर आहे, आणि तरीही मी विठ्ठलाचा आहे. माझ्याविषयी आपण काय म्हणाल?

शरणपूरकर

सर, आपण सरळ विचारले म्हणून सरळ लिहितो. येशूविषयी आदर आणि येशूवर विश्वास हे एकच आहे असे मी म्हणणार नाही. ते म्हटले तर आपला आणि माझा, दोघांचाही अपमान होईल. आपण त्याला प्रभू म्हणून ओळखावे असे मला वाटते, आणि ते मी लपवणार नाही. आपला निवाडा काय होईल हे मला माहीत नाही आणि तो करण्याचा मला अधिकार नाही. जो करणार आहे त्याने क्रूसावर, शेजारच्या क्रूसावरच्या गुन्हेगाराला बाप्तिस्म्यावाचून आणि एका वाक्याच्या विनंतीवर, "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असे सांगितले होते. आपल्यासाठी मी त्याच्यावर भरवसा ठेवतो, कारण स्वतःसाठीही मला दुसरा आधार नाही.

धर्मग्रामवासी

गोदातीर सर, मिस्साबलिदानाच्या (आमच्या मुख्य उपासनेच्या) चौथ्या कृतज्ञतास्तुतीत मृतांसाठी प्रार्थना आहे: जे ख्रिस्ताच्या शांतीत मरण पावले त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा विश्वास केवळ देवालाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांसाठी. ती माझ्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रांच्या नावाने मी मनात म्हणतो.

वचनवाचक

आमच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना होत नाही, कारण मरणानंतर निवाडा ठरलेला आहे असे आम्ही मानतो. इब्री ९:२७ पाहावे. म्हणून माझ्या आजोळच्या माणसांसाठी मी त्यांच्या हयातीतच रोज प्रार्थना करतो आणि सणावाराला त्यांच्या घरी जातो. गोदातीर सर, आपली हरकत नसेल तर आपल्यासाठीही करीन.

गोदातीर

अवश्य करावी. हरकत कसली?